दोन आखूड, एक लांब

मी भोंगा बोलतोय. अहो, थांबा! डबा उचलून गिरणीकडं काय पळताय? सोलापुरात 'भोंगा' म्हटलं की माणसं अर्ध्या झोपेतनं उठून पाळी गाठायला धावतात, हे मला ठाऊक आहे. पण तो गिरणीचा भोंगा. तो एका जागी उभा राहून अख्ख्या गावावर ओरडतो. मी मोटारलॉरीचा. पितळेचं वेटोळं, पुढं धोतऱ्याच्या फुलासारखं पसरट तोंड आणि मागं रबराचा फुगा. फुगा दाबला की 'पों'. एवढीच माझी भाषा. पण एवढ्याशा भाषेवर मी सोलापूर ते कोल्हापूर रस्ता पाच वर्षं गाजवलाय, उगीच नाही.

खोटं कशाला बोलू, मला माझ्या आवाजाचा भारी गर्व होता. बोलायची हौस दांडगी. कान मलाही होते, पण ते वापरायची गरज कधी वाटली नाही. आपण ओरडायचं आणि जगानं बाजूला व्हायचं, याला मी शहाणपण समजत होतो. पुढं एका म्हाताऱ्या मेंढपाळानं माझा हा माज उतरवला. त्याचीच हकीकत सांगतो.

माझा जन्म साता समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते मुंबईच्या दुकानातलं काचेचं कपाट, आणि मग भुशात गाडून घेतलेला आगगाडीचा प्रवास. आमचा खोका चुकून कुर्डुवाडीलाच उतरवला आणि दोन दिवस फलाटावर पडून राहिला. तिथल्या इंजिनांच्या शिट्ट्या ऐकून माझी तर पाचावर धारण बसली. म्हटलं, एवढ्या थोरामोठ्यांत आपल्याला कोण विचारतोय!

सोलापुरात मला विचारलं ते वेणीमाधवपंतांनी. हे गृहस्थ कोर्टात कारकून होते. एकोणीसशे एकोणतीस साली त्यांनी नोकरी सोडली आणि चक्क एक लॉरी विकत घेतली. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. "भिक्षुकाचा नातू, आणि मोटारीचा धंदा!" पंत कुणाचं ऐकणारे नव्हते. मात्र स्वतः लॉरीत बसायची त्यांना भयंकर भीती. लांबूनच छत्रीनं दाखवायचे, "हे इथं बसवा, ते तिथं बसवा."

मला ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी बसवलं. मग पूजा झाली. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फोडला. उत्साहाच्या भरात कुणीतरी माझ्या तोंडात मूठभर हळदकुंकू कोंबलं. त्यामुळं पहिल्यांदा फुगा दाबला तेव्हा 'पों'च्या जागी मांजर केकाटल्यासारखा आवाज आला. सगळे खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लॉरीवर दोन माणसं होती. ड्रायव्हर बिरप्पा, पंचविशीतला, मंगळवेढ्याच्या पुढच्या माळावरचा, धनगराच्या घरातला. अंगानं सडपातळ, बोलायला कमी. कधीही बघा, डोळे लांब कुठंतरी लावलेले. मेंढरामागं हिंडणाऱ्या माणसाचे डोळे तसेच होतात म्हणे.

दुसरा बसप्पा, अक्कलकोटकडचा. क्लीनर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मिसरूड न फुटलेलं पोर येईल. आमचा क्लीनर साठीला टेकलेला! तीस वर्षं त्यानं बैलगाडी हाकली होती. लॉऱ्या आल्या, गाडीचं भाडं बसलं, तेव्हा हा पठ्ठ्या सरळ लॉरीवरच कामाला आला. पण बैल काही त्याच्या डोक्यातनं गेले नाहीत. लॉरीला तो 'बसवण्णा', म्हणजे नंदीबैल, म्हणायचा. सकाळी रेडिएटरमध्ये पाणी ओतताना, "पी बाबा, पी, आज लांब जायचंय," असं समजावायचा. उदबत्ती लावायचा. चढावर लॉरी धापा टाकायला लागली की खाली उतरून तिच्या बाजूनं चालायचा आणि बॉनेटवर थाप मारायचा. "हां हां, आलंच बघ, थोडंच राहिलंय की!" आणि मजा म्हणजे, लॉरी चढायचीसुद्धा.

आमचा रस्ता ठरलेला. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज आणि कोल्हापूर. जाताना चादरी, लुगडी, सुताचे गठ्ठे. येताना गुळाच्या ढेपा, आणि ढेपांबरोबर फुकट प्रवास करणाऱ्या माश्या. जाऊन येऊन सहा-सात दिवस लागायचे. पावसाळ्यात नदी चढली की काठावरच मुक्काम. पाणी उतरेल तेव्हा उतरेल. बसप्पाचा नातू त्याला ओळखेनासा झाला होता. घरी गेला की ते पोर दाढी बघून भोकाड पसरायचं. हे बसप्पा हसत हसत सांगायचा, आणि सांगून झालं की उगीचच चाकाचे नट आवळत बसायचा.

लॉरीवाल्यांच्या रीती निराळ्याच. रस्त्यात कुणी बॉनेट उघडून उभा दिसला की थांबायचंच, मग तो कालचा भांडलेला का असेना. "काय पायजे?" एवढंच विचारायचं. पाणी, ट्यूब, अर्धी भाकरी, जे असेल ते द्यायचं आणि पुढं निघायचं. दुसरी रीत, कधी पोचणार ते तोंडानं म्हणायचं नाही. कुणी विचारलंच तर उत्तर एकच, "रस्ता सोडील तवा." पंतांना बिचाऱ्यांना हे माहीत नव्हतं. एकदा त्यांनी एका व्यापाऱ्याला ऐटीत सांगितलं, "उद्या बरोबर तीन वाजता माल दारात!" बसप्पानं तिथल्या तिथं कपाळावर हात मारला आणि लॉरीच्या पाया पडला. त्या खेपेला चार वेळा पंक्चर झालं.

आणि तिसरी रीत, ती नीट ध्यानात ठेवा. चालू इंजिन वाटेत बंद करायचं नाही. कारण बंद केलं की पुन्हा समोर उभं राहून लोखंडी हँडल मारायचं. ते हँडल म्हणजे बेभरवशाचं जनावर. उलटं फिरलं तर मनगट मोडणार. बसप्पाच्या डाव्या हाताची दोन बोटं त्यानंच वाकडी झालेली. म्हणून चहा प्यायचा तर इंजिन चालू, कुणाशी भांडायचं तर इंजिन चालू. माणसं ओरडून ओरडून बोलायची. कोल्हापूरला पोचेतोवर दोघांचे घसे बसलेले असायचे. माझा तेवढा ठणठणीत!

मला वाजवायच्या बिरप्पाच्या तऱ्हा होत्या. वळणावर एक लांब. बैलगाडीला दोनदा. ओळखीची लॉरी दिसली की एकच आखूड, राम राम घातल्यासारखा. पण मंगळवेढ्याच्या पुढं एक माळ लागतो. तिथं चढाच्या माथ्यावर आलो की बिरप्पा मला न चुकता एका खास तऱ्हेनं वाजवायचा. दोन आखूड, एक लांब. पों, पों, पोंऽऽऽ. समोर काळं कुत्रं नसलं तरी.

दूर माळावर मेंढरांचा कळप दिसायचा. माझा आवाज गेला की दोनशे मेंढरं एकदम माना वर करायची. त्यांच्यापाशी काठीला टेकून एक म्हातारा उभा असायचा, पागोटं घातलेला. तो मात्र आमच्याकडं पाठ फिरवायचा. थोडं अलीकडं एक बाई कपाळाला हात लावून बघत राहायची. बिरप्पा लॉरी हळू करायचा, इंजिन फडफडत असायचं. तो घटकाभर तिकडं टक लावून बघायचा, मग मान खाली घालायचा. आम्ही पुढं निघायचो.

मला हे अजिबात आवडायचं नाही. माझ्यासारख्या आवाजाला कुणी पाठ दाखवावी?

एका दुपारी सांगोल्याच्या अलीकडं, विहिरीजवळच्या चिंचेखाली जेवण चाललं होतं. तीन दगडांची चूल, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, कांदा. बसप्पानं विचारलं, "बिरप्पा, एक विचारू? त्या माळावर तू कुणाला बोलावतोस रे?"

बिरप्पानं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. मग म्हणाला, "माजा बा हाय त्यो. आन् ती आये."

तेव्हा सगळं कळलं. बिरप्पाचा बाप येडू, त्याला तो आबा म्हणायचा. आई गोजाबाई. तिथं ओढ्याकाठी त्यांची वाडी. पाच वर्षांपूर्वी त्या ओढ्यात एक लॉरी रुतली होती. बिरप्पानं तिला खांदा लावला, आणि बाहेर काढल्यावर तिच्यावर बसून तो सोलापूरला गेला तो गेलाच. चार महिन्यांनी परत आला ते लॉरी चालवायला शिकून.

"आबा म्हनले, मेंढरामागं चालनारी जात आपली, तू रबराच्या चाकामागं निगालास. आमच्या वाडीत रीत हाय मामा. माळावर कुनी हाक दिली की दुसऱ्यानं ओ द्यायचीच. लांब असू दे, भांडन असू दे, ओ ही द्यायचीच. मेलेल्या मानसाच्याच हाकंला ओ देत न्हाईत. आबा म्हनले, तुज्या हाकंला मी ओ देनार न्हाय. जा."

"आणि मग?" बसप्पा म्हणाला.

"मग काय! मेंढरं बोलवायची माजी हाळी हुती, दोन आखूड, एक लांब. तशीच भोंग्यावर वाजीवतो. एक डाव ओ दिली त्येनं, की म्या उतरून पाया धरीन. न्हायतर मी मेलोच की त्येच्या लेखी."

बसप्पानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाला, "मेंढरं तरी माना वर करतात बघ. ती तुला मेला म्हणत नाहीत."

त्या दिवसापासून बसप्पानं एक नवीन काम लावून घेतलं. माळाच्या कडेला मैलाचा दगड होता. येताना लॉरी हळू झाली की तो खाली उडी मारायचा, गुळाचा खडा फडक्यात बांधून दगडावर ठेवायचा आणि धावत येऊन पुन्हा चढायचा. पुढच्या खेपेला फडकं रिकामं, धुऊन घडी घातलेलं, वर दगडाचं वजन. एकदा हिवाळ्याच्या तोंडावर दगडावर एक नवं काळं घोंगडं गुंडाळून ठेवलेलं होतं. बिरप्पानं ते अंगावर घेतलं नाही. सीटवर पाठीशी ठेवलं, आणि दिवसभर टेकून बसला.

"उतरून जा की वाडीवर," बसप्पा खेकसायचा. "पाय मोडलेत काय? आई आहे ती तुझी!"

"बोलावल्याबिगर कसं जाऊ? आबानं ओ दिऊ दे."

"तू पण बापावरच गेलास बघ. दोघं एडके, टक्कर घेऊन उभे."

अशी चार वर्षं गेली. किती खेपा झाल्या मोजल्या नाहीत. प्रत्येक खेपेला दोन आखूड, एक लांब. प्रत्येक खेपेला इंजिन धडधडतंय आणि उत्तर नाही. पुढं पुढं म्हातारा पाठ फिरवायचा थांबला होता. आमच्याकडं तोंड करून उभा असायचा, काठी वर धरायचा. बिरप्पाला वाटायचं, काठी उगारतोय. मलाही तसंच वाटलं. ज्याला फक्त ओरडता येतं, त्याला दुसऱ्याचं काय कळणार?

मग तो चैत्रातला दिवस आला.

टळटळीत दुपार. आम्ही कोल्हापूरहून गूळ भरून येत होतो. ऊन असं की ढेपा पाझरायला लागलेल्या. माळाच्या चढाच्या माथ्यावर आलो. बिरप्पानं सवयीनं फुगा दाबला. पों, पों, पोंऽऽऽ. आणि लॉरी उताराला लागली.

एरवी लांब माळावर असणारा कळप आज तिथं नव्हता. वळण घेतलं आणि बिरप्पाचा चेहरा पांढरा पडला. अख्खा कळप खाली, ऐन रस्त्यात! मधोमध काठी टेकून म्हातारा येडू, कडेला गोजाबाई.

दुसऱ्या कुणाचा भोंगा असता तर मेंढरं उधळून दोन्हीकडं फाकली असती. पण ही तर बिरप्पाची हाळी! लहानपणापासून ऐकलेली. दोनशेच्या दोनशे मेंढरं वळली आणि 'आला, आला' म्हणत असल्यासारखी सरळ लॉरीकडं धावत सुटली.

"वाजव! वाजव! बाजूला होतील!" बसप्पा ओरडला.

आणि बिरप्पानं वाजवलं. घाबरलेला हात दुसरं काय करणार? सवयीचंच करणार. दोन आखूड, एक लांब.

मेंढरं आणखी जोरात धावली.

अरेरे, त्या क्षणी मला वाटलं, माझा फुगा फुटावा, जीभ झडावी, काहीही व्हावं! मीच त्यांना चाकाखाली बोलावत होतो. ब्रेकवर बिरप्पा उभाच राहिला होता, पण गुळाचं ओझं लॉरीला खाली रेटत होतं. समोर मेंढरं, मेंढरांमागं बाप. बिरप्पानं दात आवळले आणि चाक पुरतं डावीकडं फिरवलं. रस्त्याच्या कामासाठी तिथं मुरमाचा मोठा ढीग टाकलेला होता. लॉरी त्यात घुसली, वर चढली, उजवीकडं कलली. ढेपा गडगडत खाली आल्या. मी आणि मला धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी एकदमच उखडलो. माझा फुगा फाटला. मी धुळीत पडलो, तोंड आकाशाकडं.

आणि इंजिन बंद पडलं.

त्या माळावर, त्या जागी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमचं इंजिन बंद पडलं होतं. केवढी शांतता! मेंढरंसुद्धा गप्प उभी. धूळ खाली बसत होती.

आणि त्या शांततेत आवाज आला.

"ओऽऽ..."

बारीक, फाटका, कापरा आवाज. वीस पावलांवरून येणारा, पण वाऱ्याची झुळूक आली तरी विरून जाईल असा. बिरप्पा चाकाला धरून तसाच बसला होता, कपाळातनं रक्त येत होतं. त्यानं मान वर केली.

पुन्हा आवाज आला, "ओऽऽ... बिरूऽऽ..."

म्हातारा येडू काठी टेकीत, अडखळत लॉरीकडं येत होता. डोळ्यांत मोतीबिंदू, छाती भात्यासारखी वरखाली. बिरप्पा उडी मारून उतरला, पण पुढं जाईना.

"हाक दिलीस, मी ओ दिली," म्हातारा दम खात म्हणाला. "आता तरी उतरलास म्हनायचं. का पुना तसाच जानार हाईस?"

"आबा... तुमी ओ देताय?"

"देताय म्हंजी?" म्हातारा चिडलाच. "दोन वर्सं झाली, परतेक टायमाला देतुया! काठी वर करतो, वरडतो. तू आपला टकाटका बगतोस आन् जातोस निगून. म्या म्हनलं, पोरगं लई मोठं झालं. बाची ओ बी नगं झाली त्येला."

गोजाबाई तोपर्यंत जवळ आली होती. तिनं आधी पदर फाडून लेकाचं कपाळ बांधलं, मग बोलली. "आरं, आवाज गेलाय त्येंचा. छातीचं दुकनं हाय. मी म्हनत हुते, त्येला ऐकू जात नसंल, त्या विंजिनाचा कालवा किती! पर ह्ये ऐकतील तर ना. आज हट्टालाच पेटले. म्हनले, मेंढरं घिऊन रस्त्यावरच जातो. जवळनं ओ दितो. मग बगू ऐकतो का न्हाय ते."

बिरप्पा पुढं झाला. वाकून बापाच्या पायावर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडला. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. मग कपाळाची पट्टी चाचपली. "डोळं फुटलं न्हाईत न्हवं?" असं विचारून झालं. बसप्पा विस्कटलेल्या ढेपांच्या मधोमध उभा राहून नाक पुसत होता. "अय्यो शिवा," असं म्हणत होता, आणि सारखं तेच म्हणत होता.

आणि मी? मी धुळीत पडलो होतो. दोन वर्षं एक माणूस छाती फाटेस्तोवर उत्तर देत होता, आणि मी आणि ते इंजिन मिळून त्याचा आवाज गिळत होतो. पितळेला लाज वाटत नाही असं कोण म्हणतं?

दोन मेंढ्या चाकाखाली सापडल्या होत्या. येडू त्यांच्याजवळ जाऊन बसला. त्यांचे कान कुरवाळले. बिरप्पा म्हणाला, "आबा, म्या चुकीची हाक दिली."

"हाक चुकली न्हाय तुजी," म्हातारा म्हणाला. "जागा चुकली. हाकंत काय खोट असती तर ही आली असती का धावत?"

दुसऱ्या दिवशी वेणीमाधवपंत भाड्याच्या टांग्यानं आले. छत्री काखेत, चेहरा चिंतेत. लॉरी बघितली, मुरमाचा ढीग बघितला, मेंढरं बघितली. आम्हाला वाटलं, आता बिरप्पाची नोकरी गेली. तो हात जोडून उभा होता. पंतांनी बराच वेळ छत्रीच्या टोकानं मुरूम उकरला. मग म्हणाले, "मुक्या जिवासाठी लॉरी ढिगात घालणारा ड्रायव्हर माणसांना नक्कीच सांभाळेल. मला हाच पाहिजे. पण बिरप्पा, भोंगा मात्र नवीन बसवू. विजेचा. हा गेला कामातून."

"मालक," बिरप्पा म्हणाला, "मग ह्यो मला द्या."

अशी माझी लॉरी सुटली. ज्या रस्त्यावर मी राज्य केलं, त्या रस्त्यापासून मी चार हात लांब, येडूच्या वाडीवर खुंटीला येऊन लागलो. फाटक्या फुग्यासाठी येडूनं मेलेल्या मेंढीच्या कातड्याचा तुकडा दिला. मंगळवेढ्याच्या बाजारात एका जोडे शिवणाऱ्यानं तो मला दुहेरी टाका घालून शिवला. कातड्याच्या फुग्यातून पहिला आवाज आला तो घोगरा, खोल आणि जरासा मेंढरासारखा. मी दचकलोच. माझा तो खणखणीत आवाज कुठं गेला? पण गोजाबाई म्हणाली, "ह्यो बरा हाय की. मानसासारखा वाटतोय."

बिरप्पानं माझा फुगा बापाच्या हातात दिला. म्हणाला, "आबा, तुमाला आता वरडायला नगं. ह्यो दाबा. पार माथ्यापातूर जातुय आवाज."

"मी? भोंगा वाजवू?" म्हातारा म्हणाला. "ज्या भोंग्यापायी पोरगं गेलं, त्यो मी वाजवू?" असं म्हणाला खरा, पण हात मात्र त्यानं मागं घेतला नाही.

त्यालाही आता तीन वर्षं होत आली. बिरप्पा अजून त्याच रस्त्यावर आहे. लॉरी नवी आली, भोंगा विजेचा आला. तो आवाज मला मुळीच पसंत नाही, घशात माशी अडकल्यासारखा. असो. त्याचा दोष नाही, आजकालची पिढीच तशी! बसप्पानं काम सोडलं. तो अक्कलकोटला नातवाला खेळवतो, आणि आता ते पोर त्याच्याच दाढीला लोंबकळतं म्हणे. पण एक नवीन रीत आमच्या माळावर पडली आहे. चढाच्या माथ्यावर लॉरी आली की बिरप्पा भोंगा वाजवतो, आणि इंजिन बंद करतो. हो, बंद! पुन्हा खाली उतरून हँडल मारावं लागतं, तरी बंद करतो. दुसऱ्या लॉरीवाल्यांनी आधी त्याला येड्यात काढलं. आता त्या माथ्यावर आणखी दोघं-तिघं बंद करतात. कशासाठी ते त्यांनाही धड सांगता येत नाही. एकजण म्हणाला, "बरं वाटतं जरा, कानाला."

माझं म्हणाल तर आता वय झालं. पितळ काळवंडलं आहे. कातड्याला भेगा पडायला लागल्या आहेत, गोजाबाई तेल लावते म्हणून निभतंय. येडूचे हातही थकले. एकट्याच्यानं फुगा दाबला जात नाही. मग गोजाबाई त्याच्या हातावर आपला हात ठेवते, आणि दोघं मिळून दाबतात. पुढच्या चैत्रापर्यंत आमच्या तिघांपैकी कोण टिकेल, मला सांगता येणार नाही. विचारलंत तर आमचं लॉरीवाल्यांचं उत्तर ठरलेलं आहे, रस्ता सोडील तवा.

एक मात्र सांगून ठेवतो. तुम्ही रस्त्यानं जाणारी माणसं, खुशाल भोंगे वाजवा. मी कोण नको म्हणणार, माझं सगळं आयुष्य त्यात गेलं. पण वाजवून झालं की घटकाभर इंजिन बंद करत जा. हँडल मारायचा कंटाळा करू नका. तुमचं उत्तर कुणीतरी कधीपासून देत असेल, आणि...

थांबा. कुत्रं उठलं. मेंढरांनी माना वर केल्या.

माथ्यावर वाजतोय. दोन आखूड... एक लांब. हं, इंजिनही बंद झालं.

गोजाबाई, अगं लवकर! येडूचा हात माझ्याकडं आण. चला, माझं बोलणं आता पुरे झालं. मला ओ द्यायचीय.